छज्ज्यावरचा फोटो

सफाळ्याच्या नारायण गुरुजींनी मला इंजिनिअर केलं नसतं, तर छज्ज्याच्या सळ्यांवर उभी असलेली सात माणसं पाहून मीही टाळ्या वाजवल्या असत्या. साठच्या दशकातली गोष्ट. पालघर स्टेशनसमोर एका शेठची तीन मजली व्यापारी इमारत उठत होती. मी तिथे साइट इंजिनिअर. नोकरीही गुरुजींनीच मुंबईच्या आर्किटेक्टसाहेबांना लिहिलेल्या चिठ्ठीने मिळालेली.

छज्जा म्हणजे भिंतीतून पुढे आलेला, पुढून खांबाचा आधार नसलेला स्लॅब. तो वजनाने पुढे झुकू पाहतो, वरचं अंग ताणलं जातं. म्हणून मुख्य सळ्या वरच्या बाजूला बांधतात. त्या खाली दबल्या, तर छज्ज्याचा पापड होतो.

काँक्रीटआधी नारळ फोडायचा असतो. तो फोडायला हे साहेब, शेठ आणि पाच पाहुणे पॉलिश केलेल्या बुटांनी थेट सळ्यांवर चढले. हार घालून फोटो काढला. सळ्या खालच्या फळ्यांना टेकल्या.

मी म्हटलं, "साहेब, सळ्या उचलायला तासभर लागेल."

"पेढे वाटून झालेत. ओता!"

"ड्रॉइंग तुमचंच आहे, साहेब."

"मग ते मला शिकवतोस?"

ओतलं. मजुरांना 'ओता' मीच सांगितलं, हेही लिहिलं पाहिजे.

काँक्रीट सुकल्यावर छज्ज्याखालचे टेकू काढायच्या दिवशी मी बेटेगावच्या लक्ष्मण मिस्त्रीला म्हटलं, "खाली कोणी जायचं नाही. दोरी बांधून लांबून ओढा."

"सायेब, हत्ती ओढायचा हाय का?" तो हसला, पण दोरी बांधली.

तिसरा टेकू निघाला आणि छज्जा रस्त्यावर आला. खाली कोणी नव्हतं.

साहेबांनी तुकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मिस्त्रीने सिमेंट खाल्लं. तसा रिपोर्ट लिही, सही कर."

लक्ष्मण मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमी चोर ठरलो तं बोयसरलाबी काम नाय भेटायचं."

तुटलेल्या तुकड्यांत सळ्या तळाशी दिसत होत्या. मी तेवढंच लिहिलं. साहेबांनी रिपोर्ट फाडला.

छज्जा परत घातलाच नाही. आता त्या इमारतीच्या माहितीपत्रकात 'दर्शनी भागाचा संयत साधेपणा' वाखाणला आहे. पडझडीला शैली म्हणायला उच्च शिक्षण लागतं. माझं तेवढं झालं नाही.

रिपोर्ट फाडला, त्याच दिवशी मी गुरुजींना पत्र टाकलं होतं :

'ती. गुरुजींस शि. सा. न.
तुमच्या चिठ्ठीने मिळालेली नोकरी गेली. साहेबांना खोटी सही हवी होती. रिपोर्टची दुसरी प्रत मी शेठना दिली, तुकडे दाखवले. मिस्त्री कामावर राहिला. साहेबांपुढे तुम्हाला खाली पाहावं लागेल, त्याची क्षमा असावी. रागावला नसाल, तर दुसऱ्या चिठ्ठीसाठी रविवारी येतो.'