शेठजींचा चेहरा झाकताना

आमच्या ग्राउंडवर पदकं कमी आणि किस्से जास्त! शर्यत संपली की पाय दुखायचे थांबतात, भीती मात्र तशीच राहते. आणि भ्यालेली माणसं काय काय करतात, ते सांगायला बसलं की चहा गार होतो.

मी खामगावात पीटीचा मास्तर, संध्याकाळी पोरांचा कोच. जात्याच भित्रा. आमची प्रणाली सुलतानपूरची. ती पळत नाही, चालते. चालण्याची शर्यत असते. हात कोपरात वाकवून जोरजोरात हलवायचे आणि एक पाय कायम जमिनीवर ठेवायचा. तिची अंडी, दूध, बूट, गुडघ्याचा डॉक्टर, सगळं बघतात ऑइल मिलवाले गोविंदशेठ. बदल्यात एकच अट, शर्टावर त्यांच्या तेलाचं चिन्ह हवं. चिन्ह म्हणजे खुद्द शेठजींचा मिशीवाला फोटो! डब्यावर तोच, टेम्पोवर तोच, प्रणालीच्या छातीवरही तोच.

घोळ असा, की राष्ट्रीय संघटनेला पैसा पुरवते दुसरीच एक मोठी तेल कंपनी. देशाच्या संघाचा सराव कॅम्प तिच्यावरच चालतो, म्हणून संघटनासुद्धा भ्यालेली. खेळाडूच्या अंगावर दुसरं तेल दिसलं की कॅम्पमधून बाहेर, असा नियम. आणि प्रणालीची नुकतीच कॅम्पसाठी निवड झाली होती. माझी झोप उडाली ती तेव्हापासून.

*

कॅम्पच्या आधी एक चाचणी शर्यत होती. संघटनेचे साहेब लोक रस्त्याच्या कडेला उभे. साधा शर्ट शिंप्याकडून वेळेवर आलाच नाही. मग शेठजींच्या तोंडावर गुडघ्याला लावतात ती चिकटपट्टी मारली आणि पोरीला सोडलं.

ऊन असं, की घामानं पट्टी सुटायला लागली. आधी एक मिशी बाहेर आली, मग नाक! प्रणालीनं एक हात छातीवर दाबला आणि दुसरा हलवत चालत राहिली. पंच घाबरले. अँब्युलन्स तिच्या मागे लागली, भोंगा वाजवत!

"बेटी, छातीत दुखतंय का?" डॉक्टर खिडकीतून ओरडले.

ती माझ्याकडे बघून किंचाळली, "सर, शेठजी उघडे पडून राह्यले!"

मी धावत जाऊन तिच्या अंगावर टॉवेल टाकला. साहेबांना वाटलं, कोच फार काळजी घेतो.

*

मग कळलं, की संघटनेचा माणूस खामगावला मैदान बघायला येतोय. आणि स्टँडसमोर हे भलं मोठं होर्डिंग! एका बाजूला प्रणाली, दुसऱ्या बाजूला शेठजी, मध्ये तेलाचा डबा.

शेठजी काही उतरवू देईनात. म्हणून मी पहाटे दोन पोरं वर चढवली आणि होर्डिंगवर पांढरी चादर टाकली. चादर पुरली नाही. प्रणाली झाकली गेली, डबा झाकला गेला, शेठजींचे फक्त जोडलेले हात खाली दिसत राहिले.

दहा वाजेपर्यंत मिलच्या दारात ही गर्दी! कोणी हार आणला, कोणी रडतंय. बाजारातल्या दोन अडत्यांनी दुकानंही बंद केली. शेठजी बनियनवर बाहेर आले.

"मी जित्ता हाव बे! चादर कोनं टाकली?"

मी जळंब स्टेशनवर होतो. संघटनेच्या माणसाला तिथेच उतरवून घेतलं आणि शेतातल्या रस्त्यानं मैदानावर नेलं. तो म्हणाला, तुमचं गाव फार शांत आहे.

*

आमचा भालाफेकवाला संतोष. त्याच्या बुटांना एका बियाण्याच्या दुकानाची मदत, आणि तेल बियाण्यातूनच निघतं, म्हणून तोही धास्तावलेला. एकदा मैदानावर त्याला दिल्लीचा नंबर आला, आणि संघटनेचं ऑफिस दिल्लीतच. त्यानं फोन माझ्याच हातात कोंबला, मी स्पीकर लावून त्याच्या तोंडासमोर धरला.

पलीकडून एक बाई क्रेडिट कार्ड घ्या म्हणत होती.

"म्हंजे बंदी नाही ना ताई?"

"नाही सर, कार्ड आहे."

"मंग द्या दोन!"

*

हा किस्सा मला सांगताना नेहमी थोडं कसंतरीच होतं. प्रणाली कॅम्पला गेल्यावर मी सुलतानपूरला तिच्या आईकडे गेलो. जयभीम झालं, माउलीनं जेवायला वाढलं. वांग्याची भाजी नुसती पाण्यात उकडलेली.

"काऊन माय, तब्येत बरी नाही का?"

तिनं दार लोटलं, आवाज बारीक केला. "शेठजीचं तेल हाय ना घरात, सर. लेकरू तिकडं कॅम्पात. इकडं कोनी वास घेतला तं?"

हसावं की काय करावं! मी भाजी पुन्हा मागून घेतली. तेलाचा डबा तिनं गोधडीत गुंडाळून ठेवला होता.

*

शेवटी ज्याची भीती होती तेच झालं. कोणीतरी होर्डिंगचा फोटो संघटनेला पाठवला. प्रणालीला कॅम्पमधून ऑफिसात बोलावलं, फोटोत तिच्या अंगावर आहे तो शर्ट घेऊन या म्हणून मला कळवलं. शेठजी हट्टानं सोबत आले. गाडीत सारखं एकच, "माहं तेल, माहा चेहरा! मी भांडतोच!"

ऑफिसच्या दारात मी प्रणालीला म्हणालो, "शेठजींना ओळखत नाही म्हण. एकदाच म्हण."

"नाही जमत, सर. त्याईचं खाल्लं मी."

पोरीची चार वर्षांची मेहनत आता संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

संघटनेच्या अध्यक्षांनी शर्ट टेबलावर पसरला आणि होर्डिंगचा फोटो शेजारी ठेवला. "बेटी, खरं सांग. हे गृहस्थ तुला पैसे देतात?"

प्रणालीनं तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेठजी उभे राहिले होते. तीच मिशी, तेच कपाळ, कपाळावर तेच गंध. शर्टावर वाकून त्यांनी निरखून पाहिलं.

"साहेब, ह्या मानसाले मी कधी पाह्यलं नाही. कोनी बेशरम असन. पोरीच्या नावावर आपलं तेल विकून राह्यला. पोरीचा काही दोष नाही."

प्रणाली रडायला लागली. अध्यक्षांनी शर्टाकडे पाहिलं, शेठजींकडे पाहिलं, पुन्हा शर्टाकडे पाहिलं. मग शर्टाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"बेटी, कॅम्पला जा. गाडी खाली उभी आहे," ते म्हणाले. मग शेठजींकडे वळले. "हा माणूस कुठे भेटला, तर आम्हाला कळवा."

शेठजींनी हात जोडले.

"हाव साहेब. दिसला तं सांगतो."