पुतळ्यावरचा फुगा

काल आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस झाला. आज सकाळी फिरायला म्हणून खाली उतरले, तर जिन्याच्या तोंडाशीच तो वास आला. हवा गेलेल्या फुग्यांचा. रबराचा, त्यावर चिकटलेल्या केकच्या आंबूस क्रीमचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, तोंडातून बाहेर पडून कोंडून राहिलेल्या हवेचा. झाडणाऱ्या बाईंनी ते फुगे एका कोपऱ्यात लोटून ठेवले होते. सुरकुतलेले, लिबलिबीत, आजाऱ्याच्या गालासारखे मऊ पडलेले. एक माझ्या चपलेखाली आला आणि फुटलासुद्धा नाही, नुसताच घसरला. मी नाकाला पदर लावला आणि सांगलीतल्या विश्रामबागेच्या रस्त्याला लागेपर्यंत काढला नाही. मला फुगे आवडत नाहीत असं म्हटलं की लोक हसतात. साठीला आलेल्या, तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईनं असं म्हणावं हे त्यांना खरं वाटत नाही. पण आवडत नाहीत हा शब्दही सौम्य आहे. मला त्यांची शिसारी येते.

त्याची सुरुवात माझ्या धाकट्या भावाच्या स्मारकापासून झाली. तो फौजेत होता, सीमेवर गेला, आणि परत आला तो तिरंग्यात. आमच्या कराडकडच्या गावात ही गोष्ट नवी नाही. घरटी एक माणूस फौजेत असतो. गावात स्मारकाच्या जागेवरून वाद झाले तेव्हा वडिलांनी फाट्याजवळचा आपल्याच शेताचा तुकडा काढून दिला. तिथला ऊस तोडून कट्टा बांधला, त्यावर अर्धपुतळा बसवला, खाली काळ्या दगडाचा फलक. त्याला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी अनावरण होतं. कुणी एक पुढारी आले, दोन तास उशिरा. त्यांनी भाषणात माझ्या भावाचं नाव चुकीचं घेतलं आणि कार्यकर्त्यांनी तीन रंगांचे फुगे आकाशात सोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाड्या गेल्या आणि धूळ खाली बसली. ते फुगे आकाशात राहिले नाहीत, आमच्याच उसात पडले. पुढे ऊसतोडीच्या वेळी टोळीतली एक बाई पाचटातून त्यांची कुजलेली रबरं काढून बांधावर टाकत होती, आणि मी बघत उभी होते. माझ्या भावासाठी लोकांनी जे काही केलं, त्यातलं एवढंच शिल्लक राहिलं असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर पंचवीसेक वर्षं गेली. वडील गेले. आई अजून गावीच असते. शेत चुलतभाऊ कसतो, तिच्या भाकरीपाण्याकडे त्याची बायको बघते. आई रोज सकाळी कट्ट्यावर जाते, पुतळ्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसते, जशी लहानपणी त्याचं पुसायची तशी, जरा जोर लावून. माझं मात्र सांगण्यासारखं काही नाही. पहिली काही वर्षं मी राखी पौर्णिमेला न चुकता गेले, अर्धपुतळ्याला मनगट नसतं म्हणून गळ्यात राखी अडकवली. मग मुलांच्या परीक्षा आल्या, शाळेच्या तपासण्या आल्या, गुडघे आले. राखी कुरिअरनं जाऊ लागली. सांगलीहून कराड काही काशी नाही, दोन तासांत एस.टी. पोचवते. पण माणसाला जायचं नसलं की अंतर वाढतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेले, तेव्हा फाट्यावर उतरताच मला कट्ट्यावर सात-आठ पोरं-पोरी दिसल्या. कॉलेजातली असावीत. काही बसलेली, काही उभी, सगळ्यांची तोंडं मोबाइलमध्ये. एक मुलगी तर पुतळ्यावर मोबाइल रोखून पडद्यावरून बोट वर फेकत होती, वर फेकत होती, आणि मध्येच ओरडली, "घावलं! घावलं रं!" मी जवळ जाऊन विचारलं, काय चाललंय. ती मुलगी बिचारी घाबरली नाही, उलट हौसेनं तिनं पडदा माझ्यापुढे धरला. "काकू, ह्यो भुताचा फुगा. ह्या फाट्यावर लय येतो, आमच्याकडं बाकी कुटंच घावत न्हाई."

पडद्यावर माझ्या भावाचा पुतळा होता, आणि त्याच्या डोक्यावर ते बसलं होतं. फुगा म्हणायचा तो आकारामुळे. रंग शिळ्या वांग्याच्या सालीसारखा, अंग ओलसर, तळाशी करकचून मारलेली गाठ, गाठीतून लोंबणारे दोन मेलेले दोरे. एकच डोळा, तोही अर्धा मिटलेला. आणि तो श्वास घेत होता. फुगत होता, सैल पडत होता, पुन्हा फुगत होता. मुलीनं बोटानं पडदा सरकवला, खाली माहिती आली, आणि तिनं ती मला मोठ्यानं मराठीत करून सांगितली, की हा फुगा मरणाऱ्या माणसाचा शेवटचा श्वास पितो आणि त्यावर तरंगतो. ज्यानं शेवटचा श्वास कुठल्या बर्फात, कुणाच्या मांडीवर सोडला हे आम्हाला आजतागायत कुणी नीट सांगितलं नाही, त्याच्या डोक्यावर बसून हे ओंगळ गाठोडं तो श्वास चघळत होतं आणि पोरं खिदळत होती. मी त्यांना नको नको ते बोलले. शाळेतला सगळा आवाज काढला. "लाज वाटत नाही? माणूस मेलाय इथं!" पोरं मुकाट्यानं चपला शोधू लागली. चपला कट्ट्याखाली ओळीनं काढून ठेवलेल्या होत्या. त्या दिसल्या, पण रागात माणूस दिसलेल्याचा विचार करत नाही.

सांगलीला परतले ती तीच शिसारी घेऊन. मोबाइलवरच्या त्या खेळात खऱ्याखुऱ्या जागा असतात, देवळं, पार, पुतळे, आणि तिथे ही भुतं-राक्षसं येऊन बसतात, लोकांनी हिंडून ती धरायची, हे मला हळूहळू कळलं. जागा नको असेल तर तक्रार करायची सोयही असते. मी ती शोधून काढली. आयुष्यभर अर्ज लिहिले होते, हाही लिहिला. जागा सार्वजनिक नाही, आमच्या खाजगी शेतातली आहे, सातबारा आमचा आहे, परवानगी कुणी घेतलेली नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. महिन्याभरात उत्तर आलं की जागा काढून टाकली आहे. त्या दिवशी मी भावासाठी काहीतरी केलं असं समाधान मला वाटलं. शेजारणीला सांगितलंसुद्धा.

फाल्गुनात पुन्हा गेले. उन्हं चढली होती. आई कट्ट्यावर बसली होती, शेजारी पाण्याची कळशी, झाकणीवर पेला उपडा, पदरात भाजलेल्या शेंगा. मला वाटलं माझी वाट बघतेय. पण तिची नजर फाट्याकडे होती, आणि मी समोर येऊन उभी राहिल्यावरही ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली.

"पोरं का येईनात गं?" ती म्हणाली. "परीक्षा हायती का?"

मी विचारलं, कुठली पोरं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"आगं, ती फुग्याची पोरं. लय येत हुती. कराडची, उंब्रजची, कुटकुटची. मी त्यांस्नी सांगितलं हुतं, चपला काडा, आन् आदी नाव वाचा. मोट्यानं. मग काय भूत धरायचं ती धरा." आणि ती हसली, दात नसलेलं हसू. "वाचत्यात की. कोन भराभरा वाचतंय, कोन अडाकतंय. एक पोरगी विंग्रजी शाळंतली हुती, तिला आपलं जोडून लिवल्यालं येईना. पाच मिंटं लावली तिनं. मी म्हनलं, लावू दे."

माझ्या आईला वाचता येत नाही. ही गोष्ट मला काही त्या दिवशी कळली नाही. पण तो फलक ती पंचवीस वर्षं रोज फडक्यानं पुसत होती आणि त्यावर काय लिहिलंय ते तिला कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय कळणार नव्हतं, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी गावोगावच्या पोरांना बाराखडी शिकवली. आईला एकदा म्हणाले होते, शिकतेस का, तर ती म्हणाली, आता काय करायचं शिकून, आणि मी सुटले. पुन्हा विचारलं नाही. त्या उन्हात कट्ट्याशी उभी राहून मला स्वतःची जी किळस आली, तिच्यापुढे तो फुगा काहीच नव्हता.

मी चपला काढल्या. फलकासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. नंबर, हुद्दा, पलटण, नाव, वडिलांचं नाव, जन्म, कुठल्या सीमेवर आणि कधी गेला ते. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. आईनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "चांगलं वाचलंस." तिनं फलकाची कड तळव्यानं पुसली. "पर तुजं वाचनं निराळं. तुला त्यो ठावं हाय. ती पोरं वाचायची, तवा रोज एक नवं मानूस त्याला वळखायचं."

तेव्हा मी सांगून टाकलं. ती पोरं परीक्षेमुळे नव्हे, माझ्यामुळे येत नाहीत. मी अर्ज केला, ती जागा त्या खेळातून काढायला लावली. ते घाणेरडं भूत त्याच्या डोक्यावर मला बघवलं नाही. आईनं शेंगा पदरातून कट्ट्यावर ओतल्या आणि एकेक फोडायला लागली. रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आदी मला इचारायचं हुतंस, बाय," एवढंच म्हणाली.

जागा काढणं सोपं होतं, परत घालणं नाही. मी पुन्हा लिहिलं, चूक झाली, आमची परवानगी आहे. छापील नकार आला. मग कळलं की नवी जागा सुचवायचा अधिकार खेळणाऱ्यांनाच असतो, तोही बरीच भुतं धरून वरच्या पायरीवर पोचलेल्यांना. म्हणून आता मी खेळते. फिरायला म्हणून जे निघते ते त्यासाठीच. गणपतीच्या देवळापाशी, कृष्णेच्या घाटावर, आयर्विन पुलाच्या तोंडाशी ही म्हातारी मोबाइल धरून उभी असते आणि ओळखीचे लोक मान वळवून जातात. त्या खेळात काय काय ओंगळ प्राणी आहेत म्हणून सांगू! शेंबडे, केसाळ, लाळ गळणारे. तो फुगाही मला घाटावर घावला, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. दर वेळी तीच शिसारी येते. दर वेळी मी त्याला धरते. किळस गेली की माणूस मोठा झाला असं काही नसतं. माझी गेलेली नाही, जाणारही नाही. फक्त तिच्यापुढे जाऊन उभं राहायची सवय झालीय.

कधी कधी वाटतं, आपण दगडावर अक्षरं खोदतो आणि निश्चिंत होतो. दगड बिचारा उन्हापावसात उभा राहतो, पण त्याला काही बोलता येत नाही. त्यासाठी रस्त्यानं जाणारं कुणीतरी थांबावं लागतं, आणि ते कशाच्या मागे लागून थांबलं हे विचारायचा हक्क आपल्याला नाही. हार घेऊन आलेले दोन तासांत गेले. भूत धरायला आलेली पोरं मात्र चपला काढून नाव वाचत होती.

परवाच्या रविवारी गेले होते. आता दर पंधरा दिवसांनी जाते, वाचून दाखवते. आईला मोबाइलवर दाखवलं, इथवर आलेय, अजून इतक्या पायऱ्या राहिल्यात. तिनं पडद्यावर बोट ठेवून बघितलं, जणू तिथे काही हाताला लागणार होतं. ती ऐंशी पार करून कधीच पुढे गेलीय.

"तवर मी आसंन का गं?" तिनं विचारलं.

मी उठून चपला घातल्या. एस.टी.ची वेळ झाली होती, आणि वाटेत इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात मला आणखी दोन भुतं धरायची होती.