विलासच्या व्हॅनचा मागचा वायपर

गाडी जुनी असली की किस्से आपोआप साठत जातात. आमच्या किश्श्यांतले निम्मे तर एका वायपरचे आहेत, तोही मागचा!

विलास, शिवा आणि मी कागलच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात. वहिनींना फिरवायचं म्हणून विलासनं जुनी व्हॅन घेऊन आत बेड, गॅस, बेसिन बसवलं. आणि रिव्हर्स घेताना सासऱ्यांचीच स्कूटर आडवी केली. वहिनींनी सुनावलं, "मागची काच पुसत न्हाय तवर मी त्यात पाय ठेवणार न्हाय." विलासचा चेहरा बघवत नव्हता.

मागच्या दाराचं पॅनल उघडलं आणि आम्ही बघतच राहिलो. कपबशांचं कपाट बसवताना शिवानं स्क्रू थेट वायपरच्या वायरीतून घातला होता.

"पर कपाट कधी हाललं का?" शिवानं विचारलं.

वायर जोडली, तर मोटरचा प्लॅस्टिकचा गिअर झिजलेला. शिवानं कारखान्यात लोखंडी करून आणला. हायवेवर बटण दाबलं. वायपरनं असा काही जोर धरला की तिसऱ्या फेरीला दांडीसकट उडाला. कुणाला लागलं असतं म्हणजे?

मागच्या मोटरसायकलवाल्यानं आम्हाला गाठून तो खिडकीतून आत दिला. "पावणं, ह्ये तुमचंच न्हवं?"

मग काचेवर पाणी उडवायची नळी जोडली, ती नेमकी बेसिनच्या नळीला. सिग्नलला गाडी थांबली म्हणून मी हात धुवायला नळ सोडला आणि मागं उभे असलेले हवालदार भिजले. ते शांतपणे खिडकीशी आले. "पाऊस तुमच्यातनंच सुरू हुतोय व्हय?"

शेवटी सगळं जमलं. वहिनींनी स्वतः बटण दाबून खात्री केली आणि गाडीत बसल्या. विलास पन्हाळ्यापर्यंत गुणगुणत होता. वर धुकं, भुरभुर पाऊस. वहिनी मागच्या बेडवर झोपल्या होत्या, म्हणून आम्ही दारं न वाजवता उतरलो आणि चहा घेतला. परत येऊन तसेच हळूच बसलो. मागं पांघरुणाचा ढीग दिसत होता.

गाडी जराशी हलली. विलासनं ऐटीत बटण दाबलं. एका फेरीत काच लख्ख. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनींचा. त्यानं स्पीकरवर घेतला.

"वायपर झकास चाललाय की. तुमी तिघंबी दिसालाय. मीच तेवढी आत दिसंना."