तारवाल्यांचा होकार

पत्तेवाल्या ताई हे नाव त्यांना कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. छोट्या इंटरनेटवाल्यांच्या संघात त्या नोकरीला होत्या. काम एका वाक्यात सांगण्याजोगं होतं. गावोगाव फिरायचं, घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्यांना गाठायचं आणि "आता नवे पत्ते घ्या" म्हणून त्यांच्या मागे लागायचं. एकदा एका इमारतीच्या दरवानाला त्या सहज म्हणाल्या, "वर सांगा, पत्तेवाल्या ताई आल्यात." दरवानाने त्यांच्या पिशवीकडे संशयाने पाहिलं आणि म्हणाला, "बाई, इथे पत्ते खेळायला बंदी आहे." ताई हा किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगत.

इंटरनेटवर बोलायचं तर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते होते सव्वाचारशे कोटींच्या आसपास. वाटप सुरू झालं तेव्हा सात पिढ्यांना पुरतील असं वाटलं होतं, ते एका पिढीतच संपले. नवी पद्धत तयार होऊन जमाना लोटला होता. तिच्यातले पत्ते लांबलचक, वाचताना जीभ वळणार नाही असे, पण अमाप. घरातल्या दिव्याच्या बटणालाही स्वतंत्र पत्ता द्या, तरी संपायचे नाहीत. छोटे इंटरनेटवाले मात्र जुन्यावरच रेटत होते. एकेका पत्त्यामागे शेकडो घरं कोंबायची आणि वेळ मारून न्यायची. बाहेरच्या जगाला ती सगळी घरं म्हणजे एकच घर दिसायचं.

ताईंना लोकांच्या या हट्टाची सवय होती. तरुणपणी त्या टेलिफोन कचेरीत होत्या आणि त्यांच्याच काळात सगळ्यांच्या नंबरात एक आकडा वाढला होता. आकडा एकच, पण लोक असे भडकले होते जणू कोणी त्यांचं आडनावच बदललंय. तीन महिने ताईंनी कानाला यंत्र लावून शिव्या ऐकल्या आणि प्रत्येकाला तेच तेच शांतपणे समजावलं. चौथ्या महिन्यात कोणाला जुना नंबर आठवतही नव्हता. "माणसाला बदल नको असतो हो," त्या म्हणायच्या, "बदल होऊन गेलेला असला, की चालतो."

पण तारवाल्यांपुढे हे तत्त्वज्ञानही लुळं पडलं. तारवाले म्हणजे एका लहानशा शहरात चार हजार घरांना इंटरनेट देणारे साठीचे गृहस्थ. कधीकाळी टीव्हीच्या तारा ओढत, खांबावर स्वतः चढत धंदा उभा केलेला, म्हणून तारवाले. सहा वर्षं ताई त्यांच्याकडे जात होत्या आणि सहा वर्षं तेच उत्तर मिळत होतं.

"ताई, चालतंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?"

"भाऊ, आज चालतंय."

"उद्याचं उद्या बघू. चहा घ्या."

चहा मात्र दर वेळी मिळे. तारवाल्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या बाहेर काउंटरवर बसत. ग्राहकांच्या तक्रारी, नवी जोडणी, सगळं त्याच बघत. ताईंच्या हातात कप देताना त्या हळूच म्हणत, "तुम्ही येत राहा हो. पालथ्या घड्यावर का होईना, पाणी पडू दे." तिसऱ्या वर्षी तारवाल्यांनी नुसता ताईंचा मान म्हणून नव्या पत्त्यांचा अर्ज भरला. पत्ते मंजूर होऊन आले आणि कपाटातल्या एका फाइलमध्ये जाऊन पडले. यंत्रांवर ते चढवायचे तर कामाला हात घालावा लागणार होता, आणि हात घालायला तारवाले तयार नव्हते.

यंदा ताईंच्या मनावर वेगळंच ओझं होतं. संघाचे अध्यक्ष वर्षाच्या सुरुवातीला म्हणाले होते, "लोक ऐकतच नसतील, तर तुम्हाला फिरवण्यात काय अर्थ आहे? हे वर्ष बघू, नाहीतर हे काम बंद करू." अध्यक्ष वाईट माणूस नव्हता आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. ताईंनी घरी नवऱ्याला काही सांगितलं नाही. मनात मात्र एक किडा वळवळत राहिला. आपण इतकी वर्षं नुसत्या हवेतच काठी फिरवत होतो की काय?

त्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला. वहिनी होत्या. आवाज दबलेला आणि मागे बराच गलका.

"ताई, हे काही तुम्हाला फोन करायचे नाहीत. मीच करतेय. येता का? आजच या."

घडलं होतं ते असं. परिचारिकांच्या सरकारी प्रशिक्षणाचे अर्ज भरायला दोनच दिवस उरले होते. शहरातल्या शेकडो जणी एकाच वेळी त्या संकेतस्थळावर गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक जणी तारवाल्यांच्याच तारेवरून. संकेतस्थळाला वाटलं, एकाच घरातून कोणीतरी शेकडो अर्ज घुसवू बघतंय. त्याने तो पत्ताच अडवला. तारवाल्यांनी दुसरा पत्ता लावला, तासाभरात तोही अडला. मग तिसरा.

ताईंनी पहिली बस पकडली. दोन तासांनी पोचल्या तर कार्यालयाबाहेर फुटपाथपर्यंत बायका उभ्या. कोणाच्या हातात कागदपत्रांची पिशवी, कोणाच्या कडेवर मूल. काउंटरशी एक शिवणकाम करणारी बाई होती, दोऱ्याची दोन-तीन टोकं अजून पदराला चिकटलेली. ती ओरडत नव्हती, म्हणून उलट तिच्याकडे बघवत नव्हतं.

"वयाची अट आहे," ती वहिनींना सांगत होती. "पुढच्या वर्षी मी बसणार नाही त्यात. सहा वर्षं ठरवत होते, या वर्षी धीर केला. एवढंच सांगा, होईल का नाही? नाहीतर शेजारच्या गावी जाते."

"तिथेही गर्दी असेल गं," वहिनी म्हणाल्या. "थांब जरा. या ताई त्यासाठीच आल्यात."

सगळ्या माना ताईंकडे वळल्या. सल्ला देणं निराळं आणि तीनेकशे बायकांसमोर तो खरा करून दाखवणं निराळं.

मागच्या खोलीत तारवाले खुर्चीत बसले होते. समोर यंत्रांची मांडणी, हिरवे दिवे लुकलुकताहेत, पंखा गरागरा फिरतोय, आणि यांचा चेहरा उतरलेला. ताईंना बघून ते उठले.

"बोला, ताई. काय बोलायचं ते बोला. सहा वर्षांचं सगळं एकदम बोला."

ताईंना क्षणभर मोह झाला, नाही असं नाही. पण त्या म्हणाल्या, "बोलायला वेळ कुठे आहे, भाऊ? ती फाइल काढा."

ज्या संकेतस्थळाने वाट अडवली होती, ते गेल्याच वर्षी नव्या पद्धतीवर आलं होतं. म्हणजे घरांना नवे पत्ते मिळाले की प्रत्येक घर त्याला वेगळं दिसणार होतं. घरोघरी बसवलेल्या वायफायच्या डब्यांपैकी गेल्या चार वर्षांतल्या सगळ्यांना नवी पद्धत येत होती. उरले साताठशे जुने डबे.

"त्यांचं काय?" तारवाल्यांनी विचारलं.

"बाकीची घरं नव्या वाटेने गेली की जुन्या वाटेवरची गर्दी ओसरेल. मग त्यांनाही वाट मिळेल. पण आधी एकच गल्ली करू. चुकलं तर एका गल्लीपुरतं चुकेल."

"कोणती गल्ली?"

"आमची करा," दारातून वहिनी म्हणाल्या. "चुकलं तर निदान शिव्या घरातल्या घरात राहतील."

साडेबाराला तारवाल्यांच्या गल्लीतल्या चाळीस घरांना नवे पत्ते मिळाले. वहिनींनी शिवणकामवाल्या बाईला आत बोलावून स्वतःच्या संगणकापुढे बसवलं, कारण कार्यालयही त्याच गल्लीत होतं. पान उघडलं. झटकन उघडलं. बाईने नाव भरलं, जन्मतारीख भरली, शाळेचे गुण भरले. मग फोटो जोडला आणि बटण दाबलं.

पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं. पाच मिनिटं गेली.

"झालं," तारवाले म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट असं काहीतरी होतं. "मी म्हणत होतो ना, ताई."

ताईंच्या डोळ्यांपुढे अध्यक्षांचा चेहरा आला, बाहेरच्या बायका आल्या. पण टेलिफोन कचेरीने एक गोष्ट त्यांना शिकवली होती. घाबरायचं असेल तर घाबरावं, पण आधी नीट ऐकून घ्यावं, नेमकं काय चालतंय आणि काय चालत नाही.

"बाई, फोटो काढून टाका आणि नुसतं पुढे जा बरं," त्या म्हणाल्या.

नुसतं पुढे गेलं. फोटो जोडला की अडलं. दुसरा, अगदी लहान फोटो जोडला, तो गेला. पण अर्जाला चालेल इतका तो मोठा नव्हता.

ताई तारवाल्यांकडे वळल्या. "भाऊ, लहान जातं आणि मोठं अडतं. तुमच्या पहारा करणाऱ्या यंत्रावरचे नियम दाखवा मला."

ते नियम तारवाल्यांनी स्वतः लिहिले होते. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांच्या यंत्रांवर फालतू संदेशांचा मारा केला होता, तेव्हापासून बाहेरून येणारे छोटे निरोप त्यांनी सरसकट बंद करून टाकले होते. आज नव्या वाटेसाठीही तेच नियम जसेच्या तसे उतरवले होते. सवयीने.

ताई खुर्चीच्या कडेवरच बसल्या. "सापडलं. जुन्या पद्धतीत मोठं पार्सल अरुंद दारात अडलं, की वाटेतलं यंत्रच त्याचे तुकडे करून पुढे ढकलायचं. नव्यात तसं होत नाही. दारावरचा माणूस उलटा निरोप पाठवतो, 'मावत नाही, लहान करून पाठवा.' तो निरोप येतोय, भाऊ. तुमचा पहारेकरी तो फाडून टाकतोय."

तारवाल्यांनी पडद्यावरचे नियम पुन्हा वाचले. मग म्हणाले, "म्हणजे कुऱ्हाड माझीच आणि पायही माझाच."

"एक ओळ बदला. बाकीचा पहारा राहू दे."

त्यांनी चष्मा पुसला आणि ओळ बदलली. दोन बोटांनी, एकेक अक्षर बघत. शिवणकामवाल्या बाईने परत बटण दाबलं. गोल फिरलं, थांबलं, आणि पडद्यावर अर्जाचा क्रमांक आला.

बाईने तो मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. मग तळव्यावर पेनने लिहून घेतला, वहिनी कागद पुढे करत होत्या तरी. आणि इतका वेळ न ओरडलेली ती बाई टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड गं, रड. अर्ज गेलाय, आता काय हरकत आहे." बाहेर कोणीतरी विचारलं, "काय झालं?" आणि आतून तारवाल्यांनीच ओरडून सांगितलं, "गेला! अर्ज गेला!"

मग काम भराभर उरकलं. एकामागून एक गल्ल्या नव्या वाटेवर आल्या. दुपारी चारच्या सुमाराला जुन्या पत्त्यांवरचा अडसरही उठला, कारण तिथे आता गर्दीच नव्हती. जुने डबे असलेल्यांचे अर्जही गेले. पाच वाजता फुटपाथवर कोणी उरलं नव्हतं. ताईंनी चपला काढून पाय समोरच्या स्टुलावर ठेवले आणि सकाळपासूनचं पहिलं पोटभर पाणी प्यायल्या. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना वाटत होतं.

"ताई," तारवाले म्हणाले, "सहा वर्षं मी तुम्हाला नुसता चहा पाजला."

"चांगला होता," ताई म्हणाल्या.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, अध्यक्षांचं बोलणंसुद्धा. तो गडी निवृत्तीआधी नकाशे काढायचा, मोजूनमापून बोलणारा. म्हणाला, "एवढं ओझं एकटीने वागवलंस आणि मला वाटत होतं तुझे गुडघे दुखताहेत." दोघं खूप वेळ हसत बसली.

पुढच्या महिन्यात संघाची बैठक झाली. ताईंनी नेहमीप्रमाणे टिपणं काढून ठेवली होती, पण त्यांना बोलावंच लागलं नाही. तारवाले न बोलावता उठले आणि अर्धा तास बोलले. नवे पत्ते कसे चढवायचे, आधी एक गल्ली का करायची, पहाऱ्याच्या नियमांत कोणती ओळ तपासायची. स्वतःची चूक त्यांनी अजिबात लपवली नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "पण आमचं तर चालतंय." तारवाले म्हणाले, "माझंही चालत होतं. सोमवारपर्यंत." सभागृहात हशा पिकला, आणि बैठक संपायच्या आत अकरा जणांनी नावं दिली. अध्यक्षांनी ताईंच्या पुढच्या दौऱ्याच्या तारखा तिथेच विचारून घेतल्या.

ताई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी वहिनी.

"किती बोलतात हो हे," वहिनी कुजबुजल्या.

"बोलू दे," ताई म्हणाल्या आणि खुर्चीला पाठ टेकली. "मला जरा बसू दे."