तिरफळाची पिशवी

लोखंडी पळी तो कढईच्या काठावर अशी आपटायचा की समोरच्या वर्कशॉपमधली माणसं दचकून वर बघत. मग ओरडायचा, “आधी वास घे रे मेल्या!”

वास न घेता चमचा घालणाऱ्याच्या हातून तो डिश हिसकावून घ्यायचा. एकाने वरून सॉस मागितला, तर नूडल्स त्याच्याच डोक्यावर उपड्या केल्या. साकीनाक्याला चायनीजच्या गाड्या पुष्कळ. पण हा हडकुळा मालवणी आचारी तुम्ही पाहिला असेल तर विसरला नसाल. तो गेल्यावर त्याच्याबद्दल जे बोललं गेलं, तेही ऐकलं असेल. ते खोटं आहे.

गाडीसमोर माझा मसाला कुटायचा डंक होता. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप तो एका पिशवीत आणायचा. पाचवी वस्तू वेगळ्या पिशवीत. उमेदवारीत एका चिनी आचाऱ्याने त्याला हा मसाला शिकवला होता. त्यात चीनची जीभ झिणझिणवणारी मिरी लागते. ह्याने तिच्या जागी गावचं तिरफळ घातलं. बिया स्वतः काढायचा, टरफलंच आणायचा.

“ह्या शेवटाक. एकच मूठ, जास्त झाला तर जीभ मरता. उरलेला ठेव,” असं दर वेळी बजावायचा. एकदा मी दुसरी मूठ घ्यायला गेलो, तेव्हा पळी मनगटावर बसली. हाड सुजलं. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कोंबडीची तंगडी ठेवून म्हणाला, “खा. पण आधी वास घे.” एवढीच त्याची माफी.

मे महिना. मिरच्या घेऊन आलेल्या बायकांची दारात भांडणं चाललेली. त्या गडबडीत मी त्याच्या दोन्ही पिशव्या डंकात रित्या केल्या. मूठ वगैरे काही नाही. संध्याकाळी पूड नेऊन दिली. त्याचं नाक सर्दीने लाल झालं होतं.

“माजा नाक चोंदला हा. तू घेतलंस मां वास?”

“घेतला,” मी म्हणालो. घेतला नव्हता.

पहिली डिश गल्लीतल्या चार पोरांनी घेतली. चार घास गेले आणि एकजण जीभ ओढत किंचाळला, “अबे, तोंड मेलं माझं! काय टाकलंस रे साल्या?” दुसऱ्याने टेबल उलथलं. तिसऱ्याने त्याची पळी उचलून त्याच्याच तोंडावर हाणली. दात रक्तासकट रस्त्यावर पडला.

“मसालो आसा रे तो!” तो ओरडला, आणि माझ्याकडे हात केला. “विचारा तेका! तेनाच कुटल्यान!”

पोरं माझ्याकडे वळली. माझ्या हाताला अजून पूड होती. मी हात पाठीमागे घेतले.

“मला काय माहीत? मी फक्त कुटून देतो.”

मग त्यांनी त्याचा उजवा हात उकळत्या तेलात दाबून धरला. आवाज दोन निघाले, एक तेलाचा आणि एक त्याचा. मी दुकानाचं शटर ओढलं. ते आतूनही ऐकू येत होते.

गल्लीत ठरलं की तो खाण्यात नशा मिसळायचा. मीही होकाराची मान हलवली.

पुढे एका दुपारी तो दारात उभा राहिला. हाताला कोपरापर्यंत पट्टी, ओठ शिवलेला.

“उरलेली तिरफळां दी. गावाक जातंय.”

रिकामी पिशवी खिळ्याला लटकत होती. ती त्याने डाव्या हाताने काढली, उलटी केली. एक टरफलही पडलं नाही. मग तो पिशवीकडे बघत राहिला, तिच्याकडून माझ्याकडे. त्याला कळलं, हे मला कळलं.

सॉससाठी माणसाच्या डोक्यावर नूडल्स ओतणारा तो. लोखंडी बत्ता त्याच्या हाताशीच होता. मी मनगट पुढे केलं. का, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याने मारलं नाही. पिशवीत नाक घालून खोल वास घेतला. सर्दी गेली होती. मग तिची घडी करून ती डंकावर ठेवली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागला, भाजलेला हात छातीशी धरून, लहान मुलाला कडेवर घेतात तसा.