मरून टिकली ते काळी टिकली

नानामामांचा फोन आला की समजायचं, बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय. त्या सकाळी मोबाईलवर त्यांचंच नाव दिसलं, म्हणून मी फोन उचलताच विचारलं, "काय मामा, कोणत्या वर्गातलं?" पलीकडे मामी होती. म्हणाली, "तुना मामा गया रे भाऊ." झोपेतच गेले होते. जळगावहून चोपड्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या डोक्यात तो भलत्या वेळी विचारलेला प्रश्नच फिरत होता, आणि मामांना हे सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते असंही वाटत होतं.

केळी पिकवणाऱ्या या माणसाने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही ओहोटीला. पण ओसरीवर भारताचा मोठा नकाशा होता आणि त्यावर मामीच्या टिकल्या. हवामान खात्याचं नवं पत्रक आलं की त्यातल्या वादळाच्या वर्गाप्रमाणे नवी टिकली. नुसत्या कमी दाबाला बारीक काळी, जोर धरला की हिरवी, चक्रीवादळाला लाल, आणि तीव्र झालं की रुपयाएवढी मरून, मामी रोज लावायची तीच. वादळांनाही मुहूर्त लग्नसराईचाच सापडतो. एकदा मामीला सख्ख्या भाचीच्या हळदीला बारीक काळी टिकली लावून जावं लागलं, कारण मरून सगळ्या ओमानच्या वाटेवर चिकटल्या होत्या. परत आल्यावर मामा मला हळूच म्हणाले, की स्वयंपाकघरात आज अतितीव्र आहे, आपण बाहेरच भजी खाऊ.

एकदाच त्यांचा अंदाज साफ चुकला. वादळ गुजरातच्या किनाऱ्याला लागलं तसं "संपलं" म्हणून मामांनी नकाशावरच्या टिकल्या काढून टाकल्या, झाडांना टेकू लावायला निघालेल्या मजुरांना परत पाठवलं आणि साखरपुड्याला धुळ्याला गेले. जमिनीवर आलेलं ते वादळ मरत मरत आमच्याकडे सरकलं, आणि कापणीला आलेली अर्धी बाग आडवी झाली. मी सोबत होतो. बांधावर मामांनी पडलेला एक घड उचलून झाडाशी लावून पाहिला. मग म्हणाले, "वादळ किनाराले लागनं म्हंजे सरनं नही. टिकली बारीक करानी, काढानी नही." तेव्हापासून घरात हा नियमच झाला. पत्रकातून नाव गेलं तरी नकाशावर काळी टिकली चार दिवस राहायचीच.

दहाव्याला बायका जमल्या. धुळ्याच्या मावशी, मामीच्या थोरल्या बहीण, स्वभावाने प्रेमळ पण रीतीला पक्क्या. मामीच्या कपाळावर ती मरून टिकली अजून होती. आता ती काढ आणि कपाळ मोकळं ठेव, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला राग आला होता, पण बोलायची छाती झाली नाही. मामी उठली, ओसरीवर गेली. कपाळावरची टिकली काढून तिने नकाशावर चोपड्याच्या जागी लावली. मग पाकिटातली बारीक काळी घेतली आणि कपाळावर टेकवली.

"वर्ग खाले उना, अक्का," ती बहिणीला म्हणाली. "वादळ अजून शे."

मावशींनी तोंडाला पदर लावला. आधी वाटलं रडताहेत... पण खांदे हसण्याने हलत होते. नंतर त्या रडल्याही, आणि आम्हीही. मामांसारखा माणूस असाच जायला हवा होता.

मरून टिकली अजून चोपड्यावर आहे. मागच्या आठवड्यात मोबाईलवर पुन्हा मामांचं नाव आलं. मी फोन उचलला आणि नेहमीसारखंच विचारलं, "कोणत्या वर्गातलं?"

"काळी लाई शे," मामी म्हणाली. "अंदमानजवळ."