लेडीजच्या भिंतीवरची घंटा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते — करमणूक म्हणून. पांढरं पातळ नेसलेली बाई, वळणावरचं चिंचेचं झाड, उलटी पावलं... लिहिणाऱ्याला त्या दिवशी ताप होता की त्याने भांग घेतली होती, एवढाच प्रश्न मला पडतो. मुलींच्या शाळेत चोवीस वर्षं शिवण आणि शरीरशास्त्र शिकवते आहे. भुताला भ्यायला वेळ मिळालेला नाही. तरी आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट माझ्याकडे चार-पाच वर्षं पडून आहे आणि तिचा निकाल लागत नाही. जिला त्रास झाला असता ती बाई आता अकोल्यात नाही, टॉकीजही दुसऱ्याच्या हाती गेली. तेव्हा टॉकीजचं नाव न घेता सांगायला हरकत नाही.

चीनच्या लढाईनंतरची गोष्ट. देश जागा झाला होता, म्हणजे रोज एक परिपत्रक निघत होतं. शाळांमधून शिक्षकांना नागरी संरक्षणाच्या वर्गाला पाठवायचं ठरलं. आमच्याकडच्या पुरुष शिक्षकांची नेमकी त्याच आठवड्यात कंबर धरली, म्हणून मी गेले. अमरावतीहून माझी थोरली बहीण आली. तीही शिक्षिकाच, आम्ही तिला अक्का म्हणतो. आठ दिवस आम्हाला जखमा बांधायला, वाळूच्या बादल्या फेकायला आणि आगीच्या घंटा ओळखायला शिकवलं.

हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. हाताने दांडा फिरवायची घंटा वेगळी, काच फोडून बटण दाबायची विजेची वेगळी, भोंगा वेगळा. घंटा दिसली की लांबून मान डोलवायची नाही. तिची वायर धरून शेवटापर्यंत जायचं, काच बोटाने वाजवून पाहायची, नंबर आणि खुणा वहीत उतरवायच्या. मग आपल्या गावातल्या सार्वजनिक इमारतींची यादी करून पाठवायची.

मी यादी केली. एका कचेरीत लाल बादल्या होत्या, आत वाळूऐवजी पानाच्या पिचकाऱ्या. एका वाचनालयातल्या घंटेचा हातोडा शिपाई सुपारी फोडायला वापरत होता; मी मागितल्यावर त्याने तो धुऊन दिला, एवढी सभ्यता. एका दवाखान्यात काचेची पेटी छान होती, पण आत घंटेच्या जागी गणपती. धड चालणारी अशी एकच वस्तू मला सापडली — कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या आवारात झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा, शेजारी सळई. ती टांगणारा माणूस अंगठेबहाद्दर होता. शिकलेल्यांनी लावलेल्या सगळ्या शोभेच्या.

आणि टॉकीज. तिथे लेडीजचा भाग एका बाजूला, लाकडी फळ्यांच्या उंच ओट्यावर होता. पुरुषांच्या आणि आमच्या मध्ये जाड पडदा. साठ-सत्तर बाया, मांडीवर लेकरं. बाहेर पडायला एकच दार, आणि सिनेमा सुरू झाला की त्या दाराला आतून कुलूप! टवाळ पोरं घुसू नयेत आणि बायांनी बहिणी-जावांना फुकट आत घेऊ नये, म्हणून. किल्ली शेवंताबाईंच्या कमरेला. त्या लेडीजच्या गेटकीपर. तिकिटं फाडायच्या आणि दाराशी स्टूल टाकून बसायच्या. हंगामात मालक आपल्या जिनिंगचा कापूस त्याच ओट्याखाली कोंबून ठेवी. म्हणजे वर बाया, खाली कापूस, दाराला कुलूप.

घंटा दाराशेजारी होती. लाल पेटी, काच, वर वाटीएवढी घंटा, तिच्या कडेला अंगठा बसेल एवढा पोचा, पेटीवर पांढऱ्या रंगात सात नंबर. मी शिकवल्याप्रमाणे वायर धरली आणि जरा ओढली. हातभर शेपूट भिंतीतून सुटून माझ्या हातात आलं. पलीकडे काही नव्हतं. मी मॅनेजर गुलाबरावांना बोलावलं, घंटा, कापूस आणि कुलूप तिन्ही दाखवलं.

"बाई, तुमी शाळा पाहा," ते म्हणाले. "टॉकीज आमी पाहून राहिलो ना."

आठवड्याने अक्काची अमरावतीची यादी टपालाने आली. तिथल्या एका टॉकीजपुढे तिने लिहिलं होतं — लाल पेटी, नंबर सात, घंटेच्या कडेला पोचा. मी दोनदा वाचलं. चौकशी केली तर कळलं, दोन्ही टॉकीजचे मालक साडू. दोघांत मिळून घंटा एक. ज्याच्याकडे तपासणी असेल त्याच्याकडे ती थैलीत घालून बडनेऱ्यावरून रेल्वेने रवाना व्हायची. तपासणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ती एकच घंटा दोन्ही गावांत पाहून सह्या ठोकल्या होत्या.

अक्का आणि मी ठरवलं, हे पकडायचं. अमरावतीची तपासणी एका शनिवारी दुपारी होती. अक्का वर्गाचं पत्र दाखवून तपासणाऱ्यांबरोबर जाणार, घंटेपुढे उभी राहणार आणि वेळ लिहून घेणार. त्याच वेळी मी अकोल्यात तीनच्या शोला बसून भिंत रिकामी असल्याचं लिहिणार. दोघींनी रेडिओवर घड्याळं लावली. दोन वह्या एकत्र ठेवल्या की तक्रार पक्की, आणि निदान कापूस आणि कुलूप तरी निघणार. आम्हाला एवढंच हवं होतं.

शनिवारी मी दाराजवळची खुर्ची धरली. भिंतीवर स्क्रूची दोन भोकं आणि पेटीच्या जागी फिकट चौकोन. मी भोकात बोट घालून पाहिलं. शेवंताबाईंनाही दाखवलं. वहीत लिहिलं — 'तीन वाजता: घंटा नाही.' मग सिनेमा पाहत बसले. सिनेमा भिकार होता.

चार वाजून बारा मिनिटांनी घंटा वाजली.

लांबून नाही. माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर. आगीच्या विजेच्या घंटेचा आवाज मी आठ दिवस वर्गात ऐकला होता. तोच, सलग, दात आंबवणारा. पुढच्या रांगेतल्या लेकराने कानांवर हात ठेवले. सगळ्या बायांच्या माना वळल्या त्या माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे. मीही पाहिलं. दोन भोकं, फिकट चौकोन. मी तळहात टेकला... पिठाच्या गिरणीची भिंत थरथरते तशी ती भिंत थरथरत होती.

विचार करायला मी बसले नाही. घंटा वाजली की बाहेर पडायचं, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. घंटा असली पाहिजे, असं त्यात कुठे नव्हतं.

"शेवंताबाई, दार उघडा."

"बाई, मालकानं सांगतलं हाये, शो सुटल्याबिगर—"

"उघडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे पाहिलं आणि किल्ली काढली.

तीन-चार मिनिटांत सगळ्या बाया आवारात होत्या. पुरुषांच्या बाजूला तेव्हा नाचावर शिट्ट्या चालल्या होत्या; त्यांना काही ऐकू गेलं नाही, उलट बाया उठल्या म्हणून कोणी तरी हुर्यो केली. एका बाईची एक चप्पल आत राहिली, ती माझ्याशी भांडायला लागली. आणि मग ओट्याखालच्या फटीतून उदबत्तीएवढा धूर दिसला. वास वऱ्हाडातल्या बाईला सांगावा लागत नाही. कोंबलेला कापूस लगेच भडकत नाही. आतल्या आत धुमसत जातो. आम्ही उभ्या असतानाच मधल्या रांगेच्या फळ्या खुर्च्यांसकट खाली बसल्या. त्यावर जाळ आला. मग पुरुष पळाले. बंब आला, आग विझली, कोणाचा केससुद्धा जळला नाही. घंटा कधी थांबली, ते मात्र एकीलाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अक्का वही घेऊन आली, चेहरा विजयी. चार वाजल्यापासून साडेचारपर्यंत घंटा अमरावतीच्या भिंतीवर तिच्यासमोर होती. चार बाराला तर तिने पोच्यात अंगठा घालून पाहिला होता. तशी नोंदच होती. मी सांगितलं, "अक्का, त्या वेळी ती इथे वाजली."

रागावली किंवा घाबरली की अक्का घरच्या बोलीवर येते. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "तुले ताप हाये का वं?"

आठ दिवसांनी चौकशी झाली. तोवर घंटा परत येऊन भिंतीवर बसली होती, नवीन स्क्रू चकाकत होते. चौकशीला आलेले साहेब पुण्याकडचे, रुमालाने खुर्ची पुसून बसणारे. मॅनेजरने बाया आणून उभ्या केल्या. प्रत्येकीने शपथेवर सांगितलं, घंटा वाजली म्हणून आम्ही वाचलो. खोटं कोणीच बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत. अक्का सकाळपासून मला एकच पढवत होती — 'ऐकली नाही' एवढं म्हण. एका शब्दाने तक्रार उभी राहते, कुलूप जातं, कापूस जातो. मला ते कळत नव्हतं असं नाही.

साहेबांनी दोन्ही वह्या चाळल्या. "बाई, एक काय ते सांगा. घंटा भिंतीवर होती की नव्हती?"

"नव्हती."

"वाजली की नाही?"

सत्तर बाया माझ्याकडे पाहत होत्या. त्या ऐकणाऱ्या आणि मी एकटी बहिरी, असं म्हणायला माझी जीभ उचलेना. "वाजली," मी म्हटलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. नंतर शेवंताबाईंना विचारलं, दाराला कुलूप होतं का? मालक समोरच उभा होता. त्या म्हणाल्या, "उघडंच होतं साहेब." त्यांच्या घरी तीन लेकरं होती, हे मला ठाऊक होतं. तरी राग आला. घंटा चालू स्थितीत असल्याचा शेरा पडला, आणि अक्का माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

मी कारण शोधलं नाही असं समजू नका. टॉकीज पुन्हा सुरू झाल्यावर तोच भिकार सिनेमा घड्याळ घेऊन पुन्हा पाहिला. सिनेमात चार बाराच्या जागी घुंगरं आहेत, घंटा नाही. आसपास शाळा नाही, देऊळ नाही. कुल्फीवाल्याला बोलावून त्याची घंटी वाजवून पाहिली. तो हसला, मी कुल्फी घेतली. सायकली, टांगे, टेलिफोन सगळं झालं. भिंतीच्या पलीकडे नुसता रस्ता होता.

लोकांना अर्थातच कारण शोधायची गरज पडली नाही. पंधरा दिवसांत ती घंटामाय झाली. हळदकुंकू, शुक्रवारचा नारळ, काचेवर हार. इतकं कुंकू की सात नंबर दिसेना. तिला आता हलवणं शक्य नव्हतं, तेव्हा अमरावतीच्या साडूला बिचाऱ्याला स्वतःची घंटा घ्यावी लागली. वायर कोणी जोडली नाही. महिन्याभरात ओट्याखाली कापूस परत आला आणि दाराला कुलूपही. गुलाबरावांना हटकलं तर म्हणाले, माय आहे ना सांगायला.

त्यानंतरच्या एका रविवारी शेवंताबाई माझ्या घरी आल्या. पदराखालून कुलूप काढलं, टेबलावर ठेवलं.

"हे तुमच्यापाशी राहू द्या."

मी विचारलं, चौकशीत मग तसं का सांगितलं? "तिथं बोलली असती तर नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या. "अन् माह्यानंतरच्या बाईनं किल्ली काढली असती काय?" मी कुलूप कपाटात ठेवलं. त्यांना चहा दिला.

मालकाने दुसरं कुलूप आणलं, तेही माझ्याकडे आलं. तिसरंही. टॉकीजमध्ये बोललं जाऊ लागलं, मायला कुलूप चालत नाही, माय कुलूप गिळते. चौथ्यानंतर मालकाने नारळ फोडला आणि दार कायमचं उघडं ठेवलं. ओट्याखालचा कापूसही आपल्या जिनिंगमध्ये हलवला. कायद्याने, दोन वह्यांनी आणि सत्तर बायांच्या जिवाने जे झालं नाही, ते एका अडाणी भीतीने झालं.

त्या सुमारास गुलाबराव शाळेत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. घंटा कुलूप खाऊ शकते काय?"

मी म्हटलं, "गुलाबराव, मी शाळा पाहते. टॉकीज तुम्ही पाहा."

शेवंताबाईंचा मुलगा पुढे रेल्वेत लागला; त्या त्याच्याकडे चांदूर रेल्वेला गेल्या. जायच्या आधी भेटायला आल्या तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी खरंच काय झालं असेल?

"मी तिले कधी हात जोडले नाही," त्या म्हणाल्या. "देवदेव आमी छप्पन सालच्या दीक्षेतच सोडलं, बाई. पण वाजली ते वाजली."

चारही कुलपं माझ्या कपाटात कात्र्यांशेजारी आहेत. त्यांचा खुलासा कोणी मागितला तर देऊ शकते. वहीचं ते पान मात्र मी अधूनमधून काढून बघते. 'तीन वाजता: घंटा नाही.' खाली, आवारात उभं राहून घाईत लिहिलेलं, 'चार बारा: वाजली.' दोन्ही ओळी माझ्याच अक्षरातल्या. मुलींच्या वहीत असं विसंगत काही दिसलं तर मी त्यावर लाल फुली मारते. इथे पेन घेऊन किती तरी वेळा बसले... कोणत्या ओळीवर मारायची, ते अजून ठरलेलं नाही.